पिसा : जगाची परीक्षा आणि आपली गैरहजेरी

शाळेची तपासणी असली की आमच्या वर्गातले तीन-चार जण त्या दिवशी हमखास गैरहजर असायचे. आजारी नसायचे. आदल्या दिवशी शाळा सुटताना गुरुजींनीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलेलं असायचं, ‘उद्या येऊ नका रे.’ उरलेल्या आम्हा मुलांकडून आठवडाभर पाढे आणि कविता घोटून घेतलेल्या असत. साहेब यायचे, दोन पाढे विचारायचे, एक कविता म्हणवून घ्यायचे, शेरेबुकात चांगला शेरा लिहायचे आणि चहा घेऊन जायचे. गैरहजर राहिलेल्यांपैकी एक आमच्याच मोहल्ल्यातला होता. सातवीनंतर तो गॅरेजवर लागला. साहेबांच्या लेखी तो वर्गात कधी नव्हताच.

परीक्षेची तयारी म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा तोच. परीक्षेला कोण बसणार हे आधी ठरवायचं आणि मग बसणाऱ्यांकडून उत्तरं पाठ करून घ्यायची. पुढे ‘पिसा’ नावाच्या जागतिक चाचणीचा आणि तिला सामोऱ्या गेलेल्या देशांचा इतिहास वाचताना ते गुरुजी पुन्हा पुन्हा आठवत राहिले. फरक इतकाच, की तिथे गुरुजींच्या जागी सरकारं होती.

मोजमापाची सुरुवात

वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचं शिक्षण एकाच मापाने मोजता येईल का, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे आला. १९५८ साली जर्मनीतल्या हँबर्ग इथल्या युनेस्कोच्या शिक्षण संस्थेत काही शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून पुढे आयईए ही संघटना उभी राहिली आणि बारा देशांत पहिली प्रायोगिक चाचणी झाली. स्वीडनचे टॉर्स्टन हुसेन, अमेरिकेचे बेंजामिन ब्लूम ही त्या कामातली मोठी नावं.

भारत या खटाटोपापासून पहिल्यापासून लांब होता, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. १९७०-७१च्या सुमारास आयईएने विज्ञान, वाचन अशा सहा विषयांचा मोठा अभ्यास केला, त्यात भारत सहभागी होता. विज्ञानाचा अभ्यास एकोणीस देशांत आणि वाचनाचा पंधरा देशांत झाला. १९७३ साली निष्कर्ष छापून आले. भारत, इराण, चिली यांसारख्या विकसनशील देशांतली मुलं श्रीमंत देशांतल्या मुलांच्या बरीच मागे होती. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. वाचन, गणित आणि विज्ञानाच्या मोठ्या जागतिक चाचण्यांच्या वाटेला त्यानंतर जवळपास चार दशकं आपण गेलो नाही.

दरम्यान २००० साली ‘आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना’ म्हणजे ओईसीडीने नवी चाचणी सुरू केली. तिचं नाव ‘प्रोग्रॅम फॉर इंटरनॅशनल स्टुडंट असेसमेंट’, अर्थात पिसा. सुरुवातीची अनेक वर्षं दर तीन वर्षांनी होणारी, पंधरा वर्षं वयाच्या मुलांची, वाचन, गणित आणि विज्ञान या तीन विषयांत, सुमारे दोन तासांची परीक्षा. प्रत्येक विद्यार्थ्याला निकाल मिळत नाही. नमुन्यादाखल निवडलेल्या शाळांतली मुलं बसतात आणि त्यावरून देशाचा अंदाज काढला जातो. सुरुवातीला सरासरी ५०० गुणांवर बेतलेली होती.

या परीक्षेचं वेगळेपण गुणांपेक्षा प्रश्नांत आहे. पहिल्या फेरीतला एक प्रश्न पुढे सगळ्यांसाठी खुला झाला. भिंतींवर रंगवल्या जाणाऱ्या चित्रांबद्दल दोन मुलींनी लिहिलेली दोन पत्रं मुलांसमोर ठेवली होती. एकीला शाळेच्या भिंतीची घाण झाल्याचा राग आहे. दुसरी म्हणते, जाहिरातींचे फलक आपल्याला न विचारता लावले जातात, ते चालतात, मग ही चित्रं का नकोत? तुला कोणाचं पटतं आणि का, असं मुलांना विचारलं होतं. त्याच्या पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. तुझं मत काहीही असो, यातलं कोणतं पत्र अधिक चांगलं लिहिलंय ते सांग.

हे दोन्ही प्रश्न कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाहीत. आपल्याला न पटणारी गोष्टही कोणी नीट मांडली आहे, हे ओळखणं आणि तसं कबूल करणं, याची तयारी एका आठवड्यात होत नाही. ती पहिलीपासून करावी लागते, आणि तीही वर्गात वेगळं मत मांडणाऱ्या पोराला गप्प न बसवता.

जर्मनीला बसलेला धक्का

डिसेंबर २००१मध्ये पहिल्या फेरीचा निकाल लागला, तेव्हा सर्वांत मोठा हादरा जर्मनीला बसला. कांट आणि हंबोल्टचा देश वाचनात ४८४ गुणांवर, म्हणजे सरासरीच्या खाली होता. गणित आणि विज्ञानातही तीच गत. तिथल्या वर्तमानपत्रांनी या प्रसंगाला ‘पिसा-शॉक’ हे नाव दिलं आणि तो शब्द भाषेत रुळला.

गुणांपेक्षा बोचरी गोष्ट निकालाच्या आतल्या पानांत होती. मूल कोणत्या घरात जन्मलं आणि शाळेत त्याला किती येतं, या दोहोंची गाठ ज्या देशांत सर्वांत घट्ट होती, त्यांत जर्मनी होता. याचं एक कारण तिथल्या शाळांच्या रचनेत होतं. चौथीनंतर, साधारण दहाव्या वर्षी, मुलांची विभागणी व्हायची. काही गिम्नाझियममध्ये जाऊन विद्यापीठाच्या वाटेला लागायची, काही हाउप्टशूलमध्ये जाऊन कारखान्याच्या. या दुसऱ्या वाटेवर तुर्की कामगारांची मुलं मोठ्या संख्येने होती. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं. पाहुणे परत जातील या हिशोबाने त्यांच्या मुलांना जर्मन शिकवण्याचा गंभीर विचार कित्येक वर्षं झालाच नाही. पाहुणे राहिले, मुलं तिथेच जन्मली आणि चाळीस वर्षांनी ती आकडेवारीत दिसली.

‘या परदेश्यांच्या मुलांमुळे आपला नंबर खाली गेला’ असं म्हणणारे तिथेही निघाले. आपल्या गुरुजींचाच तर्क, भाषा फक्त जर्मन. पण ती मुलं वगळून पुढची परीक्षा देण्याचा मार्ग जर्मनीने घेतला नाही. राज्यांनी मिळून कोणत्या इयत्तेत मुलाला काय आलं पाहिजे याचे देशव्यापी निकष ठरवले. ते तपासायला २००४ साली बर्लिनमध्ये स्वतंत्र संस्था काढली. दुपारी सुटणाऱ्या शाळा संध्याकाळपर्यंत चालाव्यात, म्हणजे घरी अभ्यास घेणारं कोणी नसलेल्या मुलांनाही आधार मिळेल, यासाठी २००३पासून केंद्राने चार अब्ज युरो दिले. शाळेआधीच मुलांची भाषा तपासून मदत देणं सुरू झालं. २०१२ साली जर्मनीचे वाचनाचे गुण ५०८ होते.

ही गोष्ट इथेच ‘आणि मग सगळं छान झालं’ म्हणून संपत नाही. हँबर्ग शहरात मुलांची विभागणी चौथीऐवजी सहावीनंतर करायचं ठरलं, तेव्हा २०१० साली मतदारांनी जनमत घेऊन तो निर्णय हाणून पाडला. सुखवस्तू पालकांना आपली मुलं आणखी दोन वर्षं सगळ्यांबरोबर एका वर्गात नको होती. २०२२च्या फेरीत जर्मनी वाचनात पुन्हा ४८०वर घसरला. तरीही पहिल्या निकालानंतर त्या देशाने स्वतःला विचारलेला प्रश्न बरोबर होता. खाली राहिलेली मुलं कोणाची आहेत आणि ती खाली का राहिली?

आपला धक्का आणि आपलं उत्तर

दहा वर्षांनी, डिसेंबर २०११मध्ये, तशीच वेळ आपल्यावर आली. पिसाच्या २००९च्या फेरीला जोडून दहा नव्या सहभागींसाठी २०१० साली परीक्षा झाली होती. भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं बसली. ही निवड मुद्दाम कमकुवत राज्यांची नव्हती. हिमाचलमधल्या शाळांच्या प्रसाराचं १९९९च्या ‘प्रोब’ अहवालाने तोंडभरून कौतुक केलं होतं. तमिळनाडूची गणना तर शिक्षणातल्या पुढारलेल्या राज्यांत होतेच.

निकाल लागला तेव्हा एकूण ७४ सहभागींत ही दोन्ही राज्यं तळाशी होती. त्यांच्या सोबतीला फक्त किर्गिझस्तान होता. वाचनात तमिळनाडूला ३३७ आणि हिमाचलला ३१७ गुण मिळाले. त्याच फेरीत शांघाय ५५६वर होता. गुणांचे आकडे कोरडे वाटतील, म्हणून दुसऱ्या शब्दांत सांगतो. पुढच्या आयुष्यात निभाव लागेल इतपत किमान वाचन जमणारी मुलं ओईसीडी देशांत शंभरात ८१ होती. तमिळनाडूत ती १७ होती, हिमाचलमध्ये ११.

आणि ही तर पंधराव्या वर्षापर्यंत शाळेत टिकलेली मुलं होती.

आपण काय केलं? प्रश्नपत्रिकेला दोष दिला. हे प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीला धरून नाहीत, असं सरकारी पातळीवर सांगितलं गेलं. २०१२च्या फेरीत आपण बसलो नाही. २०१५च्याही नाही, २०१८च्याही नाही.

या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कधीही न पाहिलेल्या वस्तूबद्दलचा उतारा वाचताना खेड्यातलं मूल अडखळणारच. ज्याच्या घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी आहे, त्याचं अडखळणं आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण हा युक्तिवाद घरच्याच एका पुराव्यापुढे टिकत नाही. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून ‘प्रथम’ या संस्थेचं काम सुरू केलं. हीच संस्था २००५पासून ग्रामीण भारतात ‘असर’ नावाचं सर्वेक्षण घडवून आणते. त्यात परदेशी प्रश्न नसतात. मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या शाळेच्या भाषेत, दुसरीच्या पातळीचा साधा उतारा पुढे ठेवतात. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच तो वाचता येतो, असं त्या काळात हे सर्वेक्षण सांगत होतं. तिथे कोणत्या संस्कृतीला दोष देणार?

तयारीचा जुना रोग

बाहेरची परीक्षा आली की शाळा कशी बदलते, हे आपल्याला नवं नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालाला बांधलं गेलं. निरीक्षक यायचा, वाचन-लेखन-गणित तपासायचा आणि पास मुलांच्या हिशोबाने पैसे मिळायचे. ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नल्ड यांनी तिचा परिणाम आपल्या अहवालांत नोंदवून ठेवला. मुलं नेमलेलं पुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवत, पण न पाहिलेलं पुस्तक पुढे ठेवलं की त्यांना वाचता येत नसे. इंग्लंडने ही पद्धत एकोणिसावं शतक संपण्याआधी सोडून दिली. तिची सवय आमच्या गुरुजींपर्यंत पोचली.

त्याच काळात, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन ठेवलं. शिक्षणाच्या इतिहासात ते अनेक कारणांनी वाचलं जातं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शाळेतल्या मुलांना किती येतं, एवढ्यावर फुले थांबले नाहीत. शाळेत कोण नाही, हे त्यांनी मोजलं. इलाख्यातल्या दहातल्या नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, हे त्यांनी मांडलं. महार-मांगांच्या मुलांना जातीच्या विटाळापायी वर्गात बसू दिलं जात नाही, हे मांडलं. मुसलमान या शाळांपासून दूर राहिले आहेत, याचीही नोंद केली. साहेबांच्या शेरेबुकात कधीच न येणारी यादी त्यांनी साहेबांपुढे ठेवली होती.

२०१९ : पुन्हा तयारी

जानेवारी २०१९मध्ये भारताने पिसात परतायचं ठरवलं. तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर. ओईसीडीशी करार झाला, २०२१च्या फेरीत बसायचं ठरलं. तयारीही जोरात सुरू झाली. सीबीएसईने चिकित्सक आणि सर्जनशील विचारांचे सरावप्रश्न काढले, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, पाठांतरापेक्षा समजेवर भर देणारे प्रश्न वर्गात यायला लागले. हे काम चांगलंच होतं. परीक्षेच्या निमित्ताने का होईना, ‘उत्तर काय’ याऐवजी ‘तुला असं का वाटतं’ हा प्रश्न काही हजार वर्गांत विचारला गेला असेल, तर ते थोडं नाही.

पण या वेळी परीक्षेला बसणार कोण होतं? केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंदीगडच्या शाळा. केंद्रीय विद्यालयांत मुख्यतः केंद्र सरकारी नोकरांची मुलं. नवोदयमध्ये सहावीलाच प्रवेश परीक्षा घेऊन निवडलेली मुलं. चंदीगड हे देशातलं एक आखीव, सुस्थितीतलं शहर. या मुलांबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे, नवोदयमधली कितीतरी मुलं तर गरीब घरांतून येतात. तरीही यादी पाहिली आणि तपासणीच्या आदल्या दिवसाची ती शाळा आठवली. चांगली मुलं पुढच्या बाकांवर, बाकीच्यांनी उद्या येऊ नका.

पुढे कोरोना आला. परीक्षा वर्षभर लांबून २०२२ साली झाली आणि भारत तिच्यात बसलाच नाही.

पंधरा वर्षांचं, पण शाळेबाहेरचं

कोण बसतं हा प्रश्न केवळ आपला नाही. पिसाच्या नियमातच तो दडलेला आहे. परीक्षा पंधरा वर्षांच्या मुलांची आहे, पण फक्त शाळेत असलेल्या आणि निदान सातवीत पोचलेल्या मुलांची. २०१२ साली व्हिएतनामने पहिल्यांदाच बसून विज्ञानात ५२८ गुण मिळवले आणि जग थक्क झालं. ते यश खरंच होतं. पण त्या देशातल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्के मुलांचं प्रतिनिधित्व त्या आकड्यात होतं. उरलेली शेतात होती, कामावर होती, किंवा मागच्या इयत्तेत अडकलेली होती. ओईसीडी हा आकडा छापते, लपवत नाही. फक्त बातमीत तो येत नाही.

हा आकडा वाचला की मला २००६चा सच्चर समितीचा अहवाल आठवतो. सहा ते चौदा वयोगटातली २५ टक्के मुसलमान मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा गळाली, असं त्यात लिहिलं आहे. त्यानंतर शिक्षण हक्काचा कायदा आला, पटावरची संख्या वाढली, परिस्थिती सुधारली. पण कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षापर्यंतचं. पिसाची परीक्षा पंधराव्या वर्षी. या दोहोंमधल्या फटीत आमच्या वस्त्यांमधली किती पोरं सटकतात, हे मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर, नाहीतर कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजवर जाऊन पाहावं. उद्या भारत पिसात पहिला आला, तरी ती पोरं त्या निकालात नसतील.

आपल्या समाजात शिक्षणावरची भाषणं खूप होतात. ‘इक्रा’पासून सुरुवात होते, सर सय्यद अहमद खानांपर्यंत येते आणि दहावीत नव्वद टक्के मिळवलेल्या मुलांच्या सत्काराने संपते. सत्कार जरूर व्हावेत. पण मोहल्ल्यात यंदा पंधरा वर्षांची मुलं-मुली किती आणि त्यांपैकी शाळेत किती, हे त्याच व्यासपीठावरून कधी सांगितलं गेल्याचं मला आठवत नाही. त्यासाठी ओईसीडीशी करार लागत नाही. एक वही आणि दोन रविवार लागतात. ज्यांची नावं त्या वहीत ‘शाळेबाहेर’ या रकान्यात येतील, त्यांच्या घरी जाणं, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं हे सांगणं, रात्रशाळा शोधून देणं, ही देखील परीक्षेची तयारीच आहे. आणि जी शाळेत आहेत, त्यांच्यापुढे आठवड्यातून एकदा एकमेकांच्या विरोधातली दोन पत्रं ठेवून ‘तुला कोणाचं पटतं आणि का’ एवढं विचारायला कुठल्याही माध्यमाच्या शिक्षकाला वरून आदेश यावा लागत नाही.

भारत पुन्हा पिसात बसावा, असं मला मनापासून वाटतं. नंबर खाली येईल म्हणून गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बसताना निवडक शाळा घेऊन बसू नये. जिल्हा परिषदेची शाळा असावी, नगरपालिकेची उर्दू शाळा असावी, आश्रमशाळा असावी. आणि निकालाच्या पहिल्याच पानावर, गुणांच्या आधी, एक ओळ छापावी, की देशातल्या पंधरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी इतकी मुलं ही परीक्षा द्यायला वर्गात नव्हती.

आमच्या मोहल्ल्यातला तो वर्गमित्र आता स्वतःचं गॅरेज चालवतो. मागे गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा मी त्याला त्या तपासणीच्या दिवसाबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, “मला तेव्हा सुट्टी मिळाली म्हणून आनंदच झाला होता. अब्बांनी विचारलं, आज शाळा नाही का? मी म्हटलं, आहे, पण मला नाही.”

त्याच्या गॅरेजवर तेव्हा एक पोरगा पाने पुसून ठेवत होता. वय विचारलं, तर पंधरा म्हणाला.